रानातला मुक्काम आणि कामकऱ्याची रजा



न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेचा पायंडा घातला, आणि तो पुढे गावोगाव गेला. किल्लारीच्या चैत्रातल्या उन्हात दिवसभर राबून आपण इतकी मंडळी संध्याकाळी इथे ऐकायला जमता, हे त्या पायंड्याचे यशच म्हटले पाहिजे. मी शाळा सातवीत सोडली. पुढचे जे काही शिक्षण झाले ते वाचनालयाच्या बाकावर आणि कारखान्याच्या गेटसभेत झाले. तेव्हा विद्वानांना शोभेल असे व्याख्यान माझ्याकडून होणार नाही, हे प्रारंभीच सांगितलेले बरे.

चालकांची कल्पना अशी होती की मी ऊसतोडीच्या उचलीवर किंवा हमालीच्या दरावर बोलेन. ते मी बाराही महिने बोलतो. आज मी विषय घेतला आहे तो रानात जाऊन राहण्याचा. हे ऐकून एका स्नेह्याने मला विचारले, "साहेब, पोटाची भ्रांत मिटली का, की आता तुम्ही आम्हांला सहलीला न्यायला निघालात?" प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर देण्यासाठीच मी उभा आहे. विश्रांती हा पोट भरल्यानंतरचा चोचला आहे, असे ज्यांना वाटते त्यांनी आपल्या चळवळीचा इतिहास जरा पाहावा.

मुंबईच्या गिरण्यांत एक काळ असा होता की कामकऱ्याला आठवड्याची सुटी ठाऊक नव्हती. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली गिरणी कामगारांची संघटना उभी केली, आणि तिच्या मागण्यांत रविवारच्या सुटीची मागणी अग्रभागी ठेवली. २४ एप्रिल १८९० रोजी मुंबईत सुमारे दहा हजार कामकऱ्यांची सभा भरली. त्या सभेत दोन कामकरी स्त्रियाही बोलल्या, हे मुद्दाम लक्षात ठेवण्याजोगे आहे. १० जून १८९० रोजी मालकांनी रविवारची सुटी मान्य केली. आज आपण रविवार म्हणतो तेव्हा तो आपल्याला सूर्यनारायणाने किंवा खंडोबाने दिला असे वाटते. तो लोखंड्यांनी आणि त्या दहा हजारांनी मिळवला आहे.

गंमत पाहा. बरोबर ४२ वर्षांनी, त्याच तारखेला, म्हणजे २४ एप्रिल १९३२ रोजी, इंग्लंडात मँचेस्टरच्या बाजूचे काहीशे तरुण कामगार किंडर स्काउट नावाच्या डोंगरावर चढून गेले. डोंगर जमीनदारांच्या शिकारीसाठी राखलेला होता, आणि सामान्य माणसाला तिथे पाय ठेवण्यास मनाई होती. कामगारांचे म्हणणे साधे होते : आठवडाभर आम्ही गिरणीचा धूर खातो, एक दिवस आम्हांला डोंगरावरचा वारा खाऊ द्या. पाच जणांना त्यापायी तुरुंगवास झाला. पुढे १९४९ साली तिथे राष्ट्रीय उद्यानांचा कायदा झाला, आणि १९५१ साली त्या देशातले पहिले राष्ट्रीय उद्यान झाले ते त्याच डोंगरांचे. मुंबईच्या गिरण्या आणि मँचेस्टरच्या गिरण्या बाजारात एकमेकींच्या वैरी होत्या, पण दोन्हीकडच्या मजुराची भूक एकच होती. इकडच्याने सुटीचा दिवस मागितला आणि तिकडच्याने सुटीची जागा मागितली. या दोन मागण्या एकत्र केल्या म्हणजे माझा आजचा विषय पुरा होतो.

दिवसाच्या बाबतीत पुष्कळ काम झाले आहे. १९३६ साली फ्रान्समध्ये प्रत्येक कामगाराला दोन आठवड्यांची पगारी रजा मिळाली, आणि ती घरी बसून वाया जाऊ नये म्हणून रेल्वेचे तिकीटही स्वस्त करण्यात आले. त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेने पगारी रजेचा ठराव केला. १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यात २४ वे कलम विश्रांतीचे आणि पगारी रजेचे आहे. आपल्याकडे १९४८ च्या कारखाना कायद्याने वर्षात २४० दिवस काम करणाऱ्याला दर २० दिवसांमागे एक दिवसाची पगारी रजा दिली. २०२० च्या संहितेने ती अट १८० दिवसांवर आणली. १९६९ च्या माथाडी कायद्याने हमालालाही लेव्हीतून रजेचा पगार मिळण्याची सोय झाली.

पण ही रजा जाते कुठे? मी आमच्या सभासदांना हे नेहमी विचारतो. उत्तर ठरलेले असते. मुलीचे लग्न, आईचे दुखणे, सोयाबीनची काढणी, घरावरचे पत्रे बदलणे. उरली तर ती विकून पैसे घेतले. म्हणजे एक काम सोडून दुसरे काम केले, त्याला आपण रजा म्हणतो. आणि ऊसतोडीच्या कोयत्याला तर तीही नाही. मुकादमाकडून उचल घेतली की नवरा-बायको मिळून एक कोयता होतो, आणि दसऱ्यानंतर टोळी निघाली की पट्टा पडेपर्यंत पहाटे उठायचे, तोडायचे, मोळ्या बांधायच्या, गाडी भरायची. एक दिवस बसून राहिले तर त्याचा खाडा मांडला जातो.

आता जागेकडे वळू. आपला लातूर जिल्हा वनांच्या बाबतीत महाराष्ट्रातल्या अगदी कंगाल जिल्ह्यांपैकी आहे. जिल्ह्याच्या क्षेत्रफळात वनाखालची जमीन शेकडा एकही भरत नाही. देशाचा एक तृतीयांश भाग वनाखाली असावा असे १९५२ च्या राष्ट्रीय वननीतीने सांगितले, १९८८ च्या नीतीने तेच पुन्हा सांगितले. नीती कागदावर राहिली, आणि आपल्या काळ्या रानात बांधावरच्या बाभळीही तुटत गेल्या. "रान" या शब्दाचा अर्थसुद्धा आपल्याकडे शेत असाच आहे. २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून आगगाडीने लातूरला पाणी आणावे लागले. पहिल्या गाडीला दहा वाघिणी होत्या, आणि एकेकीत पन्नास हजार लिटर पाणी. जिथे झाड नाही तिथे पाणी टिकत नाही, हे सांगायला मोठ्या शास्त्रज्ञाची गरज नाही.

आणि किल्लारीकरांना सावलीची किंमत मी काय सांगावी? ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती विसर्जन करून माणसे निजली होती, आणि हजारो उठली नाहीत. जी उरली त्यांनी पत्र्याच्या शेडमध्ये उन्हाळे काढले. नंतर नवी गावठाणे झाली. घरे भक्कम झाली, रस्ते रुंद झाले. पण जुन्या गावाच्या पाराची, चावडीपुढच्या लिंबाची सावली काही सामानासारखी बैलगाडीत घालून नव्या गावात आणता येत नाही. ती वाढवावी लागते, आणि त्यास एक पिढी जाते. आज नव्या गावात ज्यांनी लावलेली झाडे अंगणभर झाली आहेत, त्यांना माझे म्हणणे चटकन कळेल.

मग आपल्याला रान आहे कुठे? फार लांब नाही. धाराशिव जिल्ह्यातल्या येडशीला रामलिंगाचे देऊळ दरीत आहे, भोवती घाटाचे छोटेसे अभयारण्य आहे. सकाळी निघून संध्याकाळी परत येता येते. त्या अभयारण्यात डिसेंबर २०२४ मध्ये एक वाघ कॅमेऱ्यात दिसला. तो यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वरहून आल्याचे निष्पन्न झाले. शेकडो किलोमीटर शेते, ओढे, हमरस्ते ओलांडून तो आपल्या दारात आला. वाघाला जी वाट सापडली ती आपल्याला सापडू नये, हे बरे नव्हे.

ती वाट नांदेडवरून किनवटला जाते. मराठवाड्यात ज्याला खरोखर जंगल म्हणता येईल असा सर्वांत मोठा पट्टा म्हणजे किनवट आणि माहूर तालुक्यांचा. हा प्रदेश हैदराबाद संस्थानात होता, आणि १९५६ पर्यंत किनवट आदिलाबाद जिल्ह्यात मोडत होते. अजिंठ्याच्या डोंगरात उगम पावलेली पैनगंगा इथे मराठवाडा आणि विदर्भ यांच्या सीमेवरून वाहते. नदीच्या पलीकडे पैनगंगा अभयारण्य आहे. इस्लापूरजवळ ती काळ्या खडकावरून सहस्रकुंडाला कोसळते. उनकेश्वरला गरम पाण्याचे झरे आहेत. मुदखेडहून आदिलाबादला जाणारी आगगाडी या रानातूनच जाते. इथे गोंड, कोलाम, आंध आणि बंजारा समाजाची वस्ती आहे, आणि हे रान त्यांचे घर आहे, हे पाहुण्याने पहिल्या पावलापासून ध्यानात ठेवावे.

या सभेत असे किती जण आहेत की जे माहूरला गेले आहेत? बहुतेक सगळेच हात वर होतील. साडेतीन पीठांपैकी रेणुकामातेचे पीठ, दत्तशिखर, अनसूयामाता. पण आपण जातो कसे? रात्री जीपमध्ये दाटीवाटीने बसायचे, पहाटे रांगेत उभे राहायचे, ओटी भरायची, पेढे घ्यायचे आणि उन्हे चढण्याच्या आत परतीला लागायचे. ज्या रानाच्या मधोमध देवी बसली आहे ते रान आपण झोपेत ओलांडतो. आपल्या पूर्वजांना देवस्थाने डोंगरात आणि रानात थाटण्याची बुद्धी झाली, त्यात चालण्याचा आणि मुक्कामाचा भाग होताच. आपल्या औसा तालुक्यातली खरोसा लेणी पाहा. मुंबईजवळच्या बोरिवलीच्या जंगलात कान्हेरीची शंभराहून अधिक लेणी आहेत. तिथे भिक्षूंना बसण्या-निजण्यासाठी दगडी ओटे आणि प्रत्येक लेण्याशेजारी पावसाचे पाणी साठवण्याची टाकी आहेत. रानात मुक्काम करण्याची सोय, तीही बाराही महिने पुरणारी, या देशात दोन हजार वर्षांपूर्वी होती. पुढे धर्मशाळा झाल्या. गरिबाने चार दिवस घर सोडून कुठे राहावे, या प्रश्नाला आपल्या समाजाने धर्मशाळा हे उत्तर दिले. ते उत्तर तीर्थापुरते राहिले, रानापर्यंत पोहोचले नाही.

रानात मात्र बंगले झाले. इंग्रजी अमलात जंगल खात्याचे साहेब दौऱ्यावर येत, त्यांच्यासाठी नदीच्या काठी, उंच जोत्याचे, रुंद व्हरांड्याचे डाकबंगले बांधले गेले. खानसामा, भिस्ती, पंखेवाला हे सगळे गावचे लोक. सरपणाची मोळी नेली म्हणून ज्याचा कोयता जप्त होई, त्याच्याच डोक्यावरून साहेबाची पेटी व्हरांड्यात जाई. स्वराज्य आले, बंगल्यांचे नाव विश्रामगृह झाले. आता त्यांतली बरीचशी पैसे भरणाऱ्याला खुली आहेत, नवी निवासस्थानेही झाली आहेत, ही चांगली गोष्ट आहे. पण व्याघ्र प्रकल्पात जिप्सीची एक फेरी करायची म्हटली तर काही हजार रुपये लागतात. मोंढ्यातल्या हमालाने आठवडाभर पाठ वाकवावी आणि ती मजुरी तीन तासांत धुळीवर उडवावी, असा हा हिशेब आहे. तेव्हा तो जात नाही, आणि मग शहाणी माणसे म्हणतात की या लोकांना निसर्गाची आवड नाही.

आवडीची गोष्ट निघाली म्हणून सांगतो. मागे एका भाद्रपदात, पोळा झाल्यावर, आम्ही सतरा जण माहूरच्या बाजूला तीन दिवस राहून आलो. मोंढ्यातले हमाल होते, साखर कारखान्यातून निवृत्त झालेले दोघे होते, ऊसतोडीला जाणारी चार जोडपी होती. एसटीने नांदेड, तिथून आगगाडीने किनवट, आणि पुढे पुन्हा एसटी. निजायला धर्मशाळा, शिधा बरोबर. दुसऱ्या दिवशी पहाटे तीन वाजता एक बाई उठून बसल्या. फडावर उठायची वेळ ती. मी विचारले, "अक्का, झोप येईना का?" त्या म्हणाल्या, "झोप कशाची? पण आता उठून काय करायचं असतं, ते सांगा." मला उत्तर देता आले नाही. उजाडल्यावर आम्ही सागाच्या रानातून चाललो. अक्का चालता चालता वाळक्या काटक्या उचलीत होत्या, आणि तासाभरात त्यांच्या हातात नीट आवळून बांधलेली मोळी तयार झाली होती. बरोबरच्या कोलाम वाटाड्याने हसून सांगितले, "बाई, इथं ठेवा, वाळवी खाईल, तिलाबी पोट आहे." अक्कांनी मोळी खाली ठेवली आणि मोकळ्या हातांकडे पाहत उभ्या राहिल्या. तिसऱ्या दिवशी त्या सहा वाजेपर्यंत झोपल्या. विश्रांती ही शिकावी लागते, बंधूंनो, आणि ती शिकायला एक दिवस पुरत नाही. म्हणून मी दर्शनाची फेरी म्हणत नाही, मुक्काम म्हणतो.

आता 'बाराही महिने' या शब्दावर मला थोडे थांबायचे आहे. रानाचे प्रवास-वर्णन लिहिणारे एक ऋतू निवडतात आणि तोच उत्तम म्हणून सांगतात. सागवानी रान पाहणाऱ्याला कुठलाच महिना फुकट जाऊ देत नाही. पाऊस स्थिरावला की सागाला पांढुरके तुरे येतात आणि सहस्रकुंडाचा आवाज लांबून ऐकू येतो. मात्र पूर असताना त्या खडकांच्या कडेला जाऊ नये, पाणी कुणाची ओळख ठेवत नाही. आश्विनात गवत कमरेएवढे होते. मार्गशीर्षात थंडी आणि धुके. माघापासून सागाचे पान तांबूस होऊन गळू लागते आणि पायाखाली पापड मोडल्यासारखा आवाज येतो. फाल्गुनात उघड्या रानात पळस पेटतो. चैत्रात मोहाची फुले टपटप पडतात, आणि गावातल्या बायका-मुले उजाडण्यापूर्वी टोपल्या घेऊन झाडाखाली हजर असतात. वैशाखात तेंदूपत्त्याचा हंगाम. ७० पानांचा एक पुडा बांधून तो संध्याकाळी फळीवर द्यायचा. याच दिवसांत वणव्याची भीती, म्हणून त्याआधीच जाळरेषा काढलेल्या असतात. तुम्ही पाहालच की रानातला प्रत्येक महिना कुणाच्या तरी कामाचा आहे.

आणि आपल्याकडचा प्रत्येक महिना कुणाच्या तरी रिकामपणाचा आहे. मास्तरांची सुटी उन्हाळ्यात. मोंढा मंदावतो तो पावसाळ्याच्या तोंडी. ऊसतोडवाल्याला उसंत मिळते ती पट्टा पडल्यावर, आणि दसऱ्याला टोळी निघते. गाळप बंद झाल्यावर साखर कारखान्यातला हंगामी कामगार घरी बसतो. कचेरीतला माणूस दिवाळीत मोकळा होतो. कामकऱ्याची उसंत पंचांग पाहून येत नाही, ती त्याच्या धंद्याच्या मंदीत येते. म्हणून रानातला मुक्काम बारमाही हवा. वाघांच्या राखीव रानाचा गाभा पावसाळ्यात बंद ठेवतात ते योग्यच आहे, रानालाही रजा पाहिजे. पण गाभ्याबाहेर, गावाच्या शिवेवर, बाराही महिने चूल पेटलेली आणि सतरंजी अंथरलेली असावी, यात अशक्य काही नाही.

इथेच मला दुसरी बाजू सांगितली पाहिजे, नाहीतर मी संघटनेचा माणूस कसला? रानातल्या एका निवासस्थानी, नाव घेत नाही, मला स्वयंपाक करणारा एक गृहस्थ भेटला. अकरा वर्षे रोजंदारीवर. मी त्याला विचारले, "तुमची सुटी केव्हा?" तो म्हणाला, "पाहुणे नसतील त्या दिवशी." "आणि त्या दिवशीची हजेरी?" "पाहुणे नाहीत तर हजेरी कसली?" बारमाही मुक्कामाचा हा दुसरा अर्थ आहे. पाहुण्याची रजा ज्याच्या खांद्यावर उभी राहते त्याला रजा नसली, तर आपण फक्त ओझे एका पाठीवरून उचलून दुसऱ्या पाठीवर ठेवले.

हे ओझे अगदी डोळ्यांनी पाहायचे असेल तर माथेरानचे उदाहरण घ्या. १८५० साली ठाण्याचे कलेक्टर मॅलेट यांनी हे ठिकाण नावारूपास आणले, १९०७ साली तिथे छोटी आगगाडी पोहोचली. दाट झाडी, मोटारींना बंदी, आणि राहण्याची सोय वर्षभर. पर्यटकाला तिथे धूर लागत नाही, भोंगा ऐकू येत नाही. पण मोटार नाही म्हणून माणूस माणसाला हातगाडीत बसवून चढावर ओढत होता, आणि हे स्वराज्यानंतर पाऊणशे वर्षे चालले. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही प्रथा सहा महिन्यांत बंद करण्याचा आणि ओढणाऱ्यांना विजेवरच्या रिक्षा देण्याच्या योजनेचा आदेश दिला. रान राखणे आणि माणूस राखणे यांत वैर नाही, हाच त्या आदेशाचा अर्थ मी घेतो.

हे दोन्ही एकत्र साधल्याचे एक मोठे उदाहरण अमेरिकेत आहे. मंदीच्या काळात, १९३३ साली, अध्यक्ष रूझवेल्ट यांनी बेकार तरुणांची एक वनसेना उभारली. १९४२ पर्यंत सुमारे ३० लाख तरुण तीत काम करून गेले. महिन्याला ३० डॉलर वेतन, त्यांतले २५ थेट घरी आईबापांना पाठवले जात. त्यांनी कोट्यवधी झाडे लावली, आणि राज्याराज्यांच्या वनउद्यानांत पायवाटा, तळी, दगडालाकडाच्या खोल्या बांधल्या. त्यांतल्या कित्येक खोल्यांत आजही साधी कुटुंबे उन्हाळ्या-हिवाळ्यात जाऊन राहतात. त्या तरुणांत गोऱ्या-काळ्यांच्या छावण्या वेगळ्या ठेवल्या गेल्या, हा त्या देशाचा कलंकही सांगितला पाहिजे. परंतु बेकाराच्या हाताने सार्वजनिक विसाव्याची जागा बांधली गेली, ही कल्पना उचलण्याजोगी आहे. आपल्याकडे १९७२ च्या दुष्काळात लाखो हात कामाला लागले, आणि त्यातून महाराष्ट्राने रोजगार हमीचा कायदा केला, ही जगाला दाखवावी अशी गोष्ट आहे. त्या हातांनी खडी फोडली, तलाव बांधले, रस्ते केले. त्याच हातांनी रानाच्या शिवेवर धर्मशाळा का बांधू नयेत, आणि बांधणाऱ्याने एक दिवस तिथे पाहुणा म्हणून का राहू नये?

तेव्हा मी चार गोष्टी मागतो. पहिली, किनवट-माहूरच्या रानाजवळ साध्या सामुदायिक निवासाची सोय व्हावी. एका कुटुंबाच्या एका रात्रीचे भाडे अकुशल मजुराच्या एका दिवसाच्या किमान वेतनाहून अधिक नसावे. हा माप-दंड सगळ्यांना समजतो, आणि महागाई वाढली तरी तो मोडत नाही. दुसरी, ही सोय रानाच्या पोटात सिमेंट ओतून करू नये. गावाच्या कडेला, ग्रामसभेच्या संमतीने आणि शक्य तिथे तिच्याच कारभाराखाली करावी. २००६ च्या वनहक्क कायद्याने ग्रामसभेला रानाच्या बाबतीत आवाज दिला आहे. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाला २००९ साली सामूहिक हक्क मिळाला, आणि गाव आपले रान राखू शकते हे त्याने दाखवले. तिसरी, तिथे राबणाऱ्या प्रत्येकाला हजेरीपत्रक, किमान वेतन आणि आठवड्याची पगारी सुटी असावी, पाहुणे असोत वा नसोत. चौथी मागणी आपल्या संघटनांकडेच आहे. बोनसची मागणी लिहिताना जो हात चालतो त्याने रजेच्या प्रवासाची मागणीही लिहावी. सरकारी नोकराला रजा-प्रवासाची सवलत मिळते. हमालाची पाठ त्याहून कमी दुखते काय?

सरकार करील तेव्हा करील, तोवर आपण थांबण्याचे कारण नाही. एसटीचा 'आवडेल तेथे प्रवास' हा पास आहे. २०२३ पासून एसटीत स्त्रियांना अर्धे तिकीट आहे. माहूरला धर्मशाळा आहेत. पंधरा-वीस जणांनी दरमहा थोडे थोडे साठवले तर वर्षात तीन दिवसांचा खर्च निघतो, हे आम्ही करून पाहिले आहे. जाल तेव्हा डीजे घरी ठेवा. दारू वर्ज्य समजा. रानातली काच हरणाच्या खुरात जाते आणि विडीची थोटकी वैशाखात डोंगर जाळते. वाटाड्या गावचाच घ्या, आणि त्याची मजुरी पाडून मागू नका. जो मोंढ्यात आपल्या दरासाठी भांडतो त्याने दुसऱ्याच्या दरात घासाघीस करू नये. आणि वाघ दिसला नाही म्हणून पैसे वाया गेले असे म्हणू नका. सोलापूरसारख्या उजाड मुलखात १९३२ साली जन्मलेले मारुती चितमपल्ली वनखात्यात गेले, आणि २०२५ साली जाईपर्यंत त्यांनी आपल्या भाषेला पाखरांची आणि झाडांची किती नावे दिली! त्यांची पुस्तके आपल्या वाचनालयात मागून घ्या. नावे ठाऊक असली की रान बोलू लागते.

अध्यक्ष महाराज, माझ्या स्नेह्याच्या प्रश्नाचे उत्तर आता देतो. पोटाची भ्रांत मिटलेली नाही, आणि ती मिटेपर्यंत लढा चालायचाच आहे. पण लढणारा माणूस थकलेला असून चालत नाही. मालकाला थकलेला मजूर सोयीचा असतो; तो सभेला येत नाही, हिशेब तपासत नाही, दिली ती मजुरी घेऊन झोपी जातो. तीन दिवस मोकळ्या हातांनी झाडाखाली बसलेला माणूस परत येतो तेव्हा त्याला प्रश्न सुचू लागतात. आमच्या त्या सतरा जणांपैकी चार बायांनी परतल्यावर पहिल्यांदा मुकादमाकडे उचलीचा लेखी हिशेब मागितला. तो त्यांना अजून पुरा मिळालेला नाही. पुढच्या आठवड्यात त्याचीच बैठक आहे, आणि आपल्यापैकी ज्यांना सवड असेल त्यांनी तिला यावे, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.